रुद्राव्वाचं सत्तरीतलं बाळंतपण

माझी सासू रुद्रम्मा पडली. म्हणजे पडली म्हणावं असं ती पडलीच नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला. विहिरीत पडली असती, बैलानं उडवली असती, तर गावानं मान डोलावली असती. ही बाई ओसरीच्या पायरीवर बसायला गेली, पायरी तिच्या अंदाजापेक्षा वीतभर खाली निघाली आणि ती धपकन बसली. झालं. हातातला तांब्यासुद्धा सांडला नाही. तांब्या सांडला नाही, ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात साक्षीपुराव्यासारखी सांगितली जात होती.

साल फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस. निजामाचं राज्य. लोहाऱ्यापासून तीन कोसांवर आमचं गाव. अव्वाचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास. नक्की कुणाला ठाऊक नव्हतं, कारण गावात दुसऱ्यांची वयं तीच सांगायची. "तू हिवाळ्यातला, हरभरा घाट्यावर हुता तवाचा," असं. चाळीस वर्षं ती गावची सुईण होती. शेतीवाडी असलेल्या लिंगायत घरातल्या बाईनं सुइणीचं काम करावं, हे तिच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं उत्तर एकच असायचं, "लेकरू जात इचारून अडत न्हाय." सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं, म्हणून मीही अव्वाच म्हणत होते.

मी महानंदा, तिची एकुलती सून. बाराव्या वर्षी ह्या घरात आले, आणि विशीत असताना तिनं मला हाताखाली घेतलं. "सुईण डोळ्यानं बघत न्हाय, बोटानं बघती," हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशेब नाही. बाईच्या पोटाखाली पुढं जे हाड असतं, जिथं दोन्ही बाजू येऊन जुळतात, त्यावर आधी बोटं ठेवायची. वाट किती आहे ते तिथं कळतं. अशा किती बायकांचं ते हाड मी चाचपलं असेल. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मला स्वतःचाच राग येणार आहे.

पडायच्या आधी दोन-तीन वर्षं अव्वा बुटकी होत चालली होती. पाठीला पोक आलं होतं. लुगड्याचा काठ पायात यायचा आणि ती कोष्ट्याला शिव्या द्यायची, मेल्यानं पन्हा मोठा विणलाय म्हणून. तोच कोष्टी, तोच माग, तेच लुगडं. कमी झाली होती ती बाई. पण म्हातारं माणूस वाकायचंच, असं म्हणून आम्ही सगळे मोकळे.

तर ती धपकन बसली आणि उठता येईना. आमचे हे, म्हणजे विरुपाक्ष (नाव घ्यायचं नसतं, पण लिहायला काही होत नाही), गुंडप्पाला घेऊन आले. गुंडप्पा गावचा हाडवैद्य, तालमीतला जुना गडी. निखळलेला खांदा तो चांगला बसवायचा, ते मी नाकारत नाही. तो दारातनंच म्हणाला,

"अव्वा, टाच उचला बघू."

अव्वानं ओठ दाताखाली धरले आणि उजवी टाच बोटभर उचलली.

"उचलली की! हाड मोडलं असतं तर उचलली असती व्हय? लचक भरलीय. शिरंवर शीर चढलीय."

"पाय न्हाय मोडला रे बाबा," अव्वा म्हणाली. "हिथं मोडलंय. पुढचं हाड, उजव्या अंगाला. आन मागं माकडहाडाच्या वर बी." तिनं लुगड्यावरनंच पोटाखाली हात ठेवून जागा दाखवली.

तिनं हात तिथं ठेवला मात्र, गुंडप्पा आढ्याकडं बघायला लागला. आमचे हे जमिनीकडं. मग गुंडप्पानं आढ्यालाच सांगितलं, "तिथं हाड नसतंय अव्वा. तिथं मास असतंय."

आता ह्याला काय म्हणावं? चाळीस वर्षं ज्या हाडाखालनं गावची लेकरं ओढून काढली, खुद्द गुंडप्पाची चार काढली, ते हाड नसतंच म्हणे! अव्वा त्याच्याकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला आणि चहाचं आधण बघायला आत गेले. सासू आणि दोन पुरुष मांडीच्या वरच्या हाडावर बोलत असताना सुनेनं तिथं उभं राहायचं असतं का? तेव्हा मला असंच वाटलं.

लचक भरली म्हटल्यावर पुढचा उपाय आमच्याकडं ठरलेला. पायाळू माणसाची लाथ. आईच्या पोटातनं जो पायाकडनं येतो त्याच्या पायाला गुण असतो, त्यानं रविवारी तीन वेळा लाथ लावली की लचक उतरते. आमच्या गावात पायाळू एकच, बलभीम. अंगानं पहिलवान, नांगर खांद्यावर टाकून शेताला जायचा. आणि तो जिवंत होता तो अव्वामुळं. एक पाय बाहेर, एक आत, अशा अवस्थेत अडलेलं ते पोर तिनं दिवसभर घाम गाळून सोडवलं होतं. त्यालाच आता तिच्या कमरेत लाथ घालायला बोलावलं.

रविवारी सकाळी अव्वाला दोघांनी धरून ओसरीच्या खांबाला उभं केलं. बलभीम मागं सरकायला लागला. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. अव्वाला लाथ कशी मारू?" गुंडप्पानं त्याला दम भरला. शेवटी त्यानं डोळे मिटून पाय उचलला. हळूच लावला त्यानं, पण बलभीमचं हळू म्हणजे दुसऱ्याचं जोरात. अव्वाच्या तोंडातनं आवाजसुद्धा निघाला नाही, नुसता वारा निघाला. खांबाला मिठी मारून ती म्हणाली,

"तुला म्या पायाला धरून भाईर वढला रे. त्याची फेड केलीस व्हय?"

बलभीम ढसाढसा रडला. गुंडप्पा म्हणाला, आणखी दोन राहिल्यात. आणि त्या दोन त्यानं रडत रडत मारल्या. मी तिथंच उभी होते. अजून आठवलं की हातातलं भांडं आदळावंसं वाटतं.

त्याच दुपारी अव्वानं मला जवळ बोलावलं. "महानंदे, ऐक. लई अवघड बाळंतपणात बाईचं पुढचं हाड उसवतं, तवा आपुन काय करतो?"

"कंबर बांधतो, अव्वा. मऊ लुगड्याची घडी करून, घट्ट."

"आन मग?"

"बाजेवर ठेवतो. सव्वा महिना."

"मग मला तसंच बांध. म्हाताऱ्या बाईची हाडं आतनं पोकळ होत्यात, भुंग्यानं खाल्लेल्या वाश्यावानी. वरनं दिसत न्हाय. त्येला मोडायला पडावं लागत न्हाय, बसलं तरी मोडतंय. आन एका जागी मोडत न्हाय. बांगडी कधी एकाच जागी फुटती का? म्हणून पुढं बी दुखतंय, मागं बी. मला बाळंतिणीवानी बांध, बाजेवर ठिव, डिंक-हळीव खायला घाल. सव्वा महिना असं ऱ्हायले तर हाड सांधंल, पुन्यांदा चालंन. रोज असं उभं करून वढलंत तर म्या परत माझ्या पायानं चालणार न्हाय."

इतकं स्वच्छ सांगितलं बाईनं. सगळं त्यात होतं. काय मोडलं, का मोडलं, काय करायचं, नाही केलं तर काय होईल. मी ते संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे हसले. "सत्तराव्या वर्षी बाळंतपण?" जेवताना शेजारी आले त्यांना सांगितलं, ते हसले. दुसऱ्या दिवशी आडावर बायका हसल्या. म्हातारीला डिंकाचे लाडू खायचेत, म्हणाल्या. मीही हसले. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला चांगली म्हणायला नको.

ह्यांचा आईवर जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. होता, फार होता, पण त्यांचा जीव नेहमी चुकीच्या दिशेनं धावायचा. आईचं दुखणं हटेना म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, सोलापूरला नेऊन हाडाचा फोटो काढायचा. इंग्रजी हद्दीत तसलं यंत्र होतं. अव्वा म्हणाली, "नग रं विरू, गाडीत हाड आनी हलंल." पण फोटो म्हणजे शेवटचा शब्द, असं ह्यांच्या डोक्यात बसलेलं. नळदुर्गापर्यंत बैलगाडी, तिथनं मोटार. गाडीत कडबा अंथरला, वर वाकळ, त्यावर अव्वा. वाटेत ओढे, दगड, चाकोऱ्या. प्रत्येक गचक्याला ती "शिवा शिवा" म्हणायची. मी मोजायचं सोडून दिलं.

हद्दीवर निजामाच्या जकातीचा नाका होता. लढाईचे दिवस, कापडाची टंचाई. आजारी माणसाच्या खाली कापड दडवून नेणारे निघायचे म्हणे. मोटार थांबली आणि शिपाई म्हणाला, "सब नीचे उतरो." हे हात जोडून म्हणाले, "साहेब, म्हातारी आहे, उठवत न्हाय." शिपाई म्हणाला, "क्या टूटा है?" आता खरं तर हे म्हणाले असते की हाड मोडलंय, तर त्यानं कदाचित सोडलं असतं. पण हे प्रामाणिक. "न्हाय, मोडलं न्हाय, लचक हाय." मग उतरवलीच तिला. बाकाखाली बघितलं, तिच्या वाकळीत बघितलं. काही नव्हतं. पुन्हा चढवली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते आणि मला शिपायाचा राग यायचा तो नवऱ्याचाच आला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी कोट घातला होता, बोलायला मऊ होते. त्यांनी ह्यांना विचारलं, "आईंना कुठं दुखतं?" दुखणारी बाई समोर पडलेली, विचारलं मुलाला. मुलानं सांगितलं, "उजव्या पायात, वरच्या अंगाला." अव्वा बोलायला गेली, "डाक्टरसाहेब, पुढचं हाड..." तर ते म्हणाले, "आजी, आता बोलू नका, हलू नका." यंत्र घरघरलं. घटकाभरानं ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून ते म्हणाले,

"खुबा शाबूत आहे. ह्या वयात पडलं की खुबाच मोडतो, यांचा वाचला. नशीबवान आहात. घरी न्या आणि रोज थोडं थोडं चालवा."

अव्वानं मान उचलली. "फोटू कुठवर काढला?"

डॉक्टरांनी बोटानं फिल्मवर कड दाखवली.

"आनी चार बोटं आत घ्या की, साहेब. मोडलंय तिथं."

ते हसले. वाईट नाही हसले, लहान लेकराला हसतात तसं हसले. लढाईमुळं फिल्म मिळत नाही आजी, एकच काढता येते, म्हणाले. चार बोटं! दोन दिवसांचा रस्ता, ओढे, नाका, मोटार, सगळं झालं आणि चार बोटांसाठी अडलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

घरी आल्यापासून 'शाबूत' हा एकच शब्द राहिला. ह्यांनी तो गावभर केला. मग रोज सकाळी आईला काखेत हात घालून उठवायचं आणि ओसरीपासून गोठ्यापर्यंत चालवायचं. ती ओरडायची. हे म्हणायचे, "अव्वा, फोटूत दिसलंय, हाड शाबूत हाय. मनाचं हाय सगळं." मनाचं! मन कमरेत असतं का? उजवा पाय टाकला की तिचं तोंड पांढरंफटक पडायचं, आणि गोठ्यातनं परत येईस्तोवर तिचा अर्धा जीव जायचा. तिला रोज वाटायचं की आता आपलं चालणं संपलं, आणि ती तसं म्हणायचीही. कुणी ऐकत नव्हतं. गुंडप्पा येता-जाता म्हणायचा, सुईणबाईला कामाचा कंटाळा आलाय.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांपुढं होती आणि मी बघत नव्हते. आमच्यात रोज सकाळी आंघोळ करून, मांडी घालून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. तापात, बाळंतपणात, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा अव्वानं मांडी घालून पूजा केली होती. आता ती पडल्यापडल्या लिंग तळहातावर घ्यायची. जी बाई गावाशी खोटं बोलत नव्हती ती लिंगाशी बोलली असती का? एवढं तरी मला सुचायला हवं होतं.

पडल्याला तीन आठवडे होत आले असतील. एका सकाळी बलभीम धावत आला. त्याची बायको तुळजाबाई पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. त्याला ओसरीवर चढायची लाज वाटत होती, अंगणातनंच म्हणाला, "अव्वा येतील का?" अव्वानं मला सांगितलं, "तू जा. एकटीच जा. आधी पुढचं हाड चाचप. वाट हाय का बघ, मग घाई करू नग."

मी गेले. एकटीनं केलेलं ते माझं पहिलं बाळंतपण. तुळजाबाईच्या पोटाखाली मी बोटं ठेवली, जशी अव्वानं शिकवली तशी, मधला जोड शोधला, मग उजवीकडं, मग डावीकडं. हाड कसं सलग लागलं, काठोकाठ. गुंडप्पा म्हणतो तिथं हाड नसतंय, असं माझ्या मनात आलं आणि बोटं तिथंच थांबली.

ज्या बाईनं मला हे शिकवलं तिच्या त्या हाडाला मी हात लावला नव्हता. गुंडप्पानं नाही लावला, तो पुरुष. डॉक्टरांनी नाही लावला, त्यांच्याकडं यंत्र. पण मी? मी सुईण, मी बाई, मी घरातली. रोज सकाळी मी तिच्या पाया पडत होते. डोकं टेकत होते पायावर. त्याच्या वर हात गेला नाही, कारण सासूला तिथं हात लावायचा नसतो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तुळजाबाई ओरडली तेव्हा मी भानावर आले.

दुपारच्या आत मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी घरी आले, हात धुतले आणि न बोलता अव्वाच्या बाजेपाशी गेले. विचारलं नाही, पदर सावरला नाही. लुगड्याची गाठ सैल केली आणि बोटं ठेवली. मधला जोड. मग उजवीकडं. दोन बोटं गेले आणि हाड तुटकं लागलं, कडेला खाच, सूज, आणि जरा दाबलं तर बोटाखाली खुट्ट झालं. अव्वानं डोळे मिटले.

"सापडलं?"

"व्हय, अव्वा."

"दोन बोटावर?"

"व्हय."

"आता मागं बघ," ती म्हणाली, अगदी शिकवताना म्हणायची त्याच आवाजात. मागंही होतं. तीन आठवडे होतं तिथं, कुणी बोट ठेवायची वाट बघत. मी तिच्या बाजेवर डोकं ठेवून रडले, आणि ती म्हणाली, "रडतीस काय, लुगडं आण जुनं. मऊ बघून आण."

मग मी तिचं बाळंतपण केलं. कंबर बांधली, पोटाच्या खाली, खुब्यांवरनं, अशी घट्ट की तिनं पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला. आतल्या खोलीत बाज नेली, दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि चौकटीला लिंबाचा टहाळा खोवला. बाळंतिणीच्या खोलीची ती खूण. आमच्यात विटाळ पाळत नाहीत, पण त्या खोलीत पुरुष पाय टाकत नाही, लाजेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आईला चालवायला आले आणि दारात थबकले.

"ह्यो काय खेळ मांडलाय?"

"बाळंतिणीची खोली हाय. पुरुषानं आत यायचं न्हाय."

"अगं, ती माझी आई हाय!"

"मग तर अजाबात यायचं न्हाय."

ते टहाळ्याकडं बघत उभे राहिले. मोडलेल्या हाडानं ज्या माणसाला तीन आठवडे थांबवलं नाही, त्याला लिंबाच्या टहाळ्यानं थांबवलं. सव्वा महिना त्यांनी उंबरा ओलांडला नाही. बाहेरनंच विचारायचे, "जेवली का?" गाव हसलं, खूप हसलं. पण हसणाऱ्यांतल्या बायकाच उद्या माझ्या हाताखाली येणार होत्या, म्हणून जपून हसल्या.

अव्वा बाजेवर पडून मलाच सुनावायची. कुशीवर वळवताना गुडघ्यांमध्ये उशी दे. पावलं हलवायला लाव मला, दिवसभर, नाहीतर पाय आटतील. खारीक, डिंक, हळीव, तीळ, दूध, सगळं तिनं मागून खाल्लं, आणि लाडवात तूप कमी पडलं की बोलूनही दाखवलं. पंधरा दिवसांनी टेकून बसली. तिसऱ्या आठवड्यात बाजेच्या कडेला पाय सोडून बसली. आडावरच्या दोघी-तिघी चेष्टा करायला आल्या.

"काय झालं अव्वा? मुलगा का मुलगी?"

"सून झाली," अव्वा म्हणाली. "लगीन होऊन सत्तावीस वर्सं झाली, आत्ता झाली."

त्यांना कळलं नाही. मी चुलीपाशी होते, मला कळलं.

सव्वा महिन्यानं मी टहाळा काढला आणि अव्वा बलभीमनं करून आणलेल्या काठीवर उभी राहिली. गोठ्यापर्यंत गेली, परत आली, स्वतःच्या पायानं. ह्यांचे डोळे भरून आले. आणि मग काय म्हणाले असतील? "बघ, लचक हुती, गेली." गुंडप्पानं तर गावात सांगितलं की पायाळूचा गुण उशिरा आला, पण आला. मी ताटं इतक्या जोरात मांडली की एकाला पोचा आला. तो अजून आहे.

पण त्या तीन आठवड्यांच्या ओढाओढीची किंमत राहिलीच. हाड सांधलं ते वाकडं सांधलं. उजव्या पायाची मांडी पुन्हा घालता आली नाही, उकिडवं बसता आलं नाही. सुईण उकिडवी बसल्याशिवाय काम करू शकत नाही. मग बाळंतपणाला ती माझ्याबरोबर यायची, चौरंगावर एक पाय लांब करून बसायची आणि तोंडानं काम करायची. पूजाही चौरंगावरच, एक पाय लांब. अठ्ठेचाळीसात रझाकारांच्या भीतीनं अर्धं गाव हद्दीपलीकडं गेलं, तेव्हा गाडीपर्यंत ती काठी टेकत आपली आपण गेली. ह्यांनी उचलायला हात पुढं केले तर म्हणाली, "लांब ऱ्हा." ह्या पाच वर्षांत ह्यांनी एकदाही म्हटलं नाही की अव्वा, तुझं खरं होतं. मी वाट बघत होते. ती बघत होती की नाही, तिलाच ठाऊक.

एकोणपन्नासाच्या माघात अव्वा सकाळी उठलीच नाही. झोपेतच गेली. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग देतात आणि तसंच बसलेलं समाधी देतात. अंग ताठायच्या आत मांडी घालावी लागते. ओसरीवर माणसं जमली, स्वामी आले, आणि हाडाचं काम म्हणून पुढं कोण आलं असेल? गुंडप्पा. अव्वाला भिंतीला टेकवून बसवली होती. डावा पाय दुमडला. उजवा दुमडेना. गुंडप्पानं गुडघ्यावर एक हात ठेवला, मांडीवर दुसरा, आणि जोर लावायला खांदा पुढं घेतला.

इतकी वर्षं ताटं आपटली, सगळ्यांना बोलले, आणि त्या वेळी मी नुसता तिचा पदर सारखा करत बसले.

"गुंडप्पा, हात काढ," हे म्हणाले.

"मांडी तर घातली पायजे, विरुपाक्ष. जरासा जोर लावला की..."

"हात काढ म्हणलं ना! मोडलंय तिथं तिचं."

गुंडप्पानं हात काढला. हे आईपाशी बसले, तिच्या उजव्या पायावरनं, गुडघ्यावरनं वर, मी बोटं ठेवली होती तिथपर्यंत लुगड्यावरनं हात नेला आणि तिथंच ठेवून रडायला लागले. "मोडलं हुतं अव्वा," म्हणत होते. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. पाच वर्षं होती की तुमच्याकडं, तिचे कान ऐकत होते तेव्हा. मी ते बोलले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि तिचा पाय नीट लांब करून दिला.

स्वामींनी थोडा विचार केला आणि हरकत घेतली नाही. खड्डा खणून आलेला बलभीम कुदळ घेऊन परत रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या समाध्यांच्या जागेत गेला. गावच्या रुद्रभूमीत सगळे खड्डे एकाच मापाचे असतात. अव्वाचा त्यानं समोरच्या अंगाला हातभर वाढवला.